डंबेल न उचलता बायसेप्सचा कस

बॉडीवेटवर, म्हणजे नुसत्या अंगाच्या वजनावर, छाती होते, खांदे होतात, पाठही होते, पण बायसेप्स हवे असतील तर डंबेलला पर्याय नाही, असं ठामपणे सांगणारे मला अजूनही भेटतात. गेली काही वर्षं माझा सगळा व्यायाम बार आणि पट्ट्यांवर लटकणाऱ्या रिंग्जवरच चालतो, आणि मला हे अजिबात पटत नाही. वजन तर आपल्या अंगातच आहे. त्यातलं किती कोपरावर आणायचं आणि हात कुठे असताना आणायचं, एवढंच ठरवायचं असतं.

हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. बायसेप्स कोपर वाकवतो, तळवा वर वळवतो आणि दंड पुढे उचलताना खांद्यालाही थोडा हातभार लावतो. त्याची वरची दोन्ही टोकं खांद्याच्या पात्याला आणि खालचं टोक कोपराच्या जरा पुढे, रेडियस या हाडाला जोडलेलं असतं. म्हणजे हा स्नायू खांदा आणि कोपर असे दोन्ही सांधे ओलांडून जातो. हात मागे नेला की तो वरून ताणला जातो, कोपर सरळ केलं की खालून. दोन्ही एकदम केलं आणि त्याच अवस्थेत त्याला काम सांगितलं, की त्याची पुरती परीक्षा होते.

चिन-अपबद्दल फार लिहीत नाही. बारला लटकायचं, तळवे आपल्याकडे, हनुवटी बारच्या वर, खाली येताना हात पूर्ण सरळ. पाया इथेच घातला जातो. दहाएक स्वच्छ चिन-अप निघत नसतील, तर खालच्या कुठल्याही व्यायामाची घाई करू नये, असं माझं मत.

त्यानंतर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो एका हाताचा चिन-अप. तो अवघड आहे यात शंकाच नाही. सगळं अंग एका हातावर येतं आणि शिवाय ते बारखाली गरकन फिरू पाहतं. ते फिरणं थांबवण्यातच निम्मी ताकद खर्च होते. सरावासाठी बारवर टॉवेल टाकून दुसऱ्या हाताने तो धरायचा आणि आठवड्यागणिक पकड खाली सरकवत न्यायची. जितकं खाली धरू तितकी मदत कमी. जोडीला सावकाश निगेटिव्ह, म्हणजे दोन्ही हातांनी वर जाऊन एकाच हाताने खाली येणं. पण हा व्यायाम पाठीचाही तितकाच आहे. ज्यांची पाठ दणकट, ते बायसेप्सची बरीच उणीव पाठीने भरून काढतात.

म्हणून मला रिंग्जवरचा कर्ल जास्त आवडतो. रिंग्ज छातीच्या उंचीला, पाय पुढे, अंग फळीसारखं ताठ आणि मागे कललेलं. आता दंड हलू न देता फक्त कोपर वाकवून कपाळ रिंग्जपर्यंत आणायचं. माझ्या धाकट्या बहिणीला हा शिकवला, तेव्हा पहिल्याच सेटला ती म्हणाली, "दादा, हे तर अगदीच सोपं आहे." तिची कोपरं बरगड्यांकडे खाली येत होती, म्हणजे ती रोइंग करत होती, पाठीने अंग ओढत होती. मी तिच्या दोन्ही कोपरांखाली बोटं धरली आणि म्हटलं, "आता बोटांना न दाबता वर ये." ती अर्ध्यावर अडकली, दंड थरथरायला लागले, आणि मग दात-ओठ खाऊन तिने एक खरा रेप, म्हणजे एक पूर्ण आवृत्ती, काढला. कोपर इंचभर जरी खाली आलं तरी पाठ काम चोरून नेते. सोपं वाटायला लागलं की पाय आणखी पुढे सरकवायचे.

आणि आता माझ्या मते यातला सगळ्यात कठीण, पेलिकन कर्ल. रिंग्ज जमिनीजवळ आणायच्या आणि पुश-अप घालत खाली जायचं. तिथे न थांबता कोपरं उघडत हात मागे आणि बाजूला जाऊ द्यायचे, तळवे जमिनीकडेच ठेवायचे आणि छाती रिंग्जच्याही खाली उतरवायची. तळाशी हात जवळजवळ सरळ असतात, दंड पाठीच्या मागे असतात आणि बायसेप्स दोन्ही टोकांनी ताणलेला असतो. तिथून कोपर वाकवत वर यायचं. पाठीचे मोठे स्नायू इथे काहीच कामाचे नाहीत. छाती आणि खांद्याचा पुढचा भाग साथ देतात, पण कोपराचं काम बायसेप्स आणि त्याखालच्या ब्रेकिॲलिस या स्नायूलाच करावं लागतं. एका हाताचा चिन-अप काढणारेही इथे तळाला अडकलेले मी पाहिलेत. सुरुवात रिंग्ज कमरेपर्यंत उंच बांधून करावी. अंग जितकं उभं, तितका भार कमी. मग पट्टा थोडा-थोडा खाली सोडत जावं. तळाशी घाईने आदळायचं नाही, हे मी शिकवताना पुन्हा-पुन्हा सांगतो.

कोपर न वाकवताही बायसेप्स राबतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बॅक लिव्हर, म्हणजे हात पाठीमागे ताठ ठेवून रिंग्जना लटकत, पोट खाली करून अंग जमिनीला समांतर धरणं, चिन-अपच्या पकडीसारखे तळवे उलटे वळवून करून पाहा. शरीराचं वजन कोपर उलट दिशेला ढकलत असतं आणि बायसेप्स ते अडवून धरतो. रिंग्जवरच्या जिम्नॅस्टांचे दंड भरलेले दिसतात, त्यात या ताठ हातांच्या कामाचा मोठा वाटा आहे. १९५६ आणि १९६० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रिंग्जचं सुवर्ण जिंकणारे आल्बर्ट अझारियन ज्या आयर्न क्रॉससाठी, म्हणजे दोन्ही हात बाजूला ताठ पसरून रिंग्जवर अंग तोलून धरण्यासाठी, ओळखले जातात, तोही याच जातीचा.

स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन स्नायूपेक्षा संथपणे घट्ट होतात, त्यामुळे ताकद आली म्हणून कोपर तयार झालं असं होत नाही. पेलिकन आणि बॅक लिव्हर मी एका दिवशी ठेवत नाही. पेलिकन आठवड्यातून दोनदा, व्यायामाच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना, तीन ते पाच रेप्सचे मोजके सेट आणि मध्ये तीन मिनिटं विश्रांती. कोपराच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखू लागलं, तर चिन-अपऐवजी रिंग्जवर लटकून पुल-अप काढावेत. रिंग्ज फिरतात, मनगटाला हवा तसा कोन मिळतो आणि कोपरावरचा ताण हलका होतो.