गाडीभाड्याचा डबा

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-पांढरकवडा पट्ट्यात गावाचा आरोग्य आराखडा करायचा तर तारीख पिकाकडे पाहून धरावी लागते. कापूस वेचणीला आला की दिवसाची सभा म्हणजे रिकामी सतरंजी. म्हणून सोयाबीन निघाल्यावरचा आणि वेचणीचा जोर चढण्याआधीचा एक रविवार धरला. सकाळी गावात, दुपारी कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर.

"आरोग्याच्या अडचणी सांगा" असं म्हटलं की "डॉक्टर राहत नाही" आणि "नाली काढून द्या" ही दोन उत्तरं ठरलेली. खोटी नसतात, पण त्यांतून आराखडा निघत नाही. आम्ही विचारतो ते गेल्या वर्षी दुखण्यापायी घरातून गेलेल्या पैशाबद्दल. पाच डबे: गाडीभाडं, गोळ्या-औषध, तपासण्या, भरती-ऑपरेशन आणि बुडालेला रोज. डब्यावर अक्षर नाही, चित्र. माणशी तुरीचे दहा दाणे, जिथं पैसा जास्त गेला त्या डब्यात जास्त टाकायचे. डबे चादरीआड ठेवायचे, कारण उघड्यावर ठेवले की सरपंच कुठं टाकतात ते पाहून बाकीचे टाकतात. बायांचे डबे वेगळे.

पुरुषांचा ऑपरेशनचा डबा भरला. बायांचे दाणे गाडीभाड्यात, गोळ्यांत आणि रोजात. एक मायी म्हणाली, "ऑपरेशन एक डाव होते जी. बीपीची गोळी तं रोजचीच हाय ना. आणाले गेली का रोज बुडते."

खरी मेख इथंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती झालेल्या रुग्णाला, यादीतल्या आजाराला आणि यादीतल्या दवाखान्यात. सरकारी दवाखान्यांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत झाले, तरी तिथवर जायचं भाडं आणि बुडालेला रोज कुणी देत नाही. हातात कार्ड असलेलं घरही बीपी-शुगरपुरतं बिनविम्याचंच. आणि कार्ड तरी चालेल याची खात्री आधी करावी लागते. सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर, वेगळं निघालेल्या पोराचं बापाच्या, आधारवर आडनावाचं स्पेलिंग भलतंच. हे भरतीच्या काउंटरवर कळलं की मंजुरी अडकते आणि तोवरच्या तपासण्या खिशातून होतात. म्हणून सभेच्या आधी आशाताईनं घरोघर जाऊन रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावं ताडली होती. पुरवठा विभागाकडे द्यायच्या दुरुस्त्यांची यादी सभेतच वाचली.

गोळ्यांचं गणित सोपं आहे, पण ते कुणी मांडत नाही. दहा-पंधरा दिवसांची पुडी मिळाली की महिन्यात दोन-तीन फेऱ्या होतात, म्हणजे तितके रोज जातात. मग माणूस गोळी एकाआड एक दिवस घेतो आणि पुढं सोडून देतो. बीपी काबूत असलेल्याला 30 दिवसांची गोळी उपकेंद्रातूनच मिळावी, असा ठराव केला. 40 जणांना अम्लोडिपीन ही बीपीची गोळी रोज एक, तर महिन्याला 1200, तिमाहीला 3600. वर पाव हिस्सा राखीव, म्हणजे 4500. मागणी अशी आकड्यांत लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यायची आणि पोच घ्यायची. "औषधं कमी पडतात" या तक्रारीला उत्तर येत नाही.

मग वर्षाची दिनदर्शिका जमिनीवर खडूनं आखली. पावसाळ्यात साप आणि हगवण. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीची विषबाधा. 2017 च्या फवारणीबळींनंतर ही गोष्ट या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वेचणीत कुणीच दवाखान्यात जात नाही, दुखणी साठतात. पैसा असतो तो कापूस विकल्यावर. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं आरोग्य विम्याची वर्गणी सुगीत, ज्वारीच्या रूपात घेतली होती, त्यामागचा हिशोब हाच. आता ज्वारी कुणाच्या घरात आहे? पहिला कापूस विकला की बचत गटात ऐपतीप्रमाणे रोख भरायचं आणि ते फक्त गाडीभाड्याला वापरायचं, असं ठरलं. गावातल्या गाडीवाल्यांनी रात्रीचा दर कबूल केला. तो त्यांच्या फोन नंबरांसह पंचायतीच्या फळ्यावर लिहिला. फळ्यावर दर नसला तर रात्री दोन वाजता घासाघीस होते.

दुपारी पोडावर तेच डबे मांडले आणि जवळजवळ रिकामे राहिले. लोक दाणे हातात धरून उभे. एक बाई शेवटी बोलली, "आमी गेलोच नाही, तं पैसे कायचे?"

खर्च विचारणाऱ्या पद्धतीचं हे वैगुण्य कागदावर वाचून कळत नाही. ज्याला खर्चच करता आला नाही, तो हिशोबात निरोगी दिसतो. डबे बाजूला सारले आणि पोडातल्याच दोन बायांना घेऊन घरोघर एकच प्रश्न विचारला: दुखणं अंगावर कोण काढतंय? अंग बाहेर येतं म्हणून बसता न येणारी बाई. मोतीबिंदू पिकलेला म्हातारा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह येऊन पुढची खात्रीची, इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी राहून गेलेली पोरं. ती झाल्याशिवाय पोर नुसतं वाहक आहे की आजारी, हे कळत नाही, आणि आजाऱ्याची औषधं सुरू होत नाहीत. शिवाय पावसात 108 ची रुग्णवाहिका नाल्याच्या अलीकडेच थांबते. तिथवर रुग्णाला बाजेवर आणावं लागतं.

संध्याकाळी ग्राम आरोग्य समितीत वाद झाला. समितीच्या 10 हजारांच्या अबंधित निधीतून, म्हणजे खर्चाची बाब समितीनं ठरवायच्या पैशातून, अगदी गरीब घराच्या उपचाराची गरज भागवता येते. पोडातल्या तपासण्यांची गाडी आधी त्यातूनच न्यावी, असा प्रस्ताव आला. एक सदस्य म्हणाले, निधी साऱ्या गावाचा आहे. सरपंचताईंनी सकाळची आणि दुपारची यादी शेजारी ठेवून वाचायला लावली. ठराव झाला, त्या सदस्याची हरकतही इतिवृत्तात लिहिली, नाहीतर पुढच्या सभेत ठरावच नाकारला जातो. पोडातल्या ज्या बाईचं बाळंतपण पावसाळ्यात येतं, तिनं आठवडाभर आधी नाल्याच्या अलीकडे नातेवाइकाकडे यायचं आणि ती आल्याचं आशाताईनं 102 च्या रुग्णवाहिकेला आधीच कळवायचं, हे कलम पोडातल्या बायांनी सांगितलं तसंच घातलं.