बॉल पायात नव्हता तेव्हा काय करालतास?

शाळेच्या आठवणी लिहायला सांगताना संपादक मंडळातल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "फुटबॉल सोडून काहीही लिहा, फुटबॉलवर सगळेच लिहितात." बाई, माफ करा. कोल्हापुरातल्या शाळेत पाच वर्षं काढली, त्यातलं वर्गातलं फारसं आठवतच नाही.

1992 साल. मी नववीत होतो आणि शाळेच्या टीमचा गोली होतो. हौसेनं नव्हे. निवडीच्या दिवशी सरांनी विचारलं, "फॉरवर्ड कोण खेळणार?" तीस-चाळीस हात वर. "गोली कोण?" सगळे हात खाली. माझा हात आधीच्या प्रश्नाचाच वर राहिला होता.

टीम बांधायची म्हणजे काय, हे सरांनी भाषण करून कधी सांगितलं नाही. आमची खरी अडचण खेळाची नव्हतीच, पेठांची होती. निम्मी पोरं मंगळवार पेठेतली, निम्मी शिवाजी पेठेतली. घरात कोणी पाटाकडीलचं, कोणी खंडोबाचं, कोणी दिलबहारचं, म्हणजे त्या त्या तालमीच्या फुटबॉल टीमचं. मोठ्यांच्या सामन्यात रविवारी जे व्हायचं, त्याचे पडसाद सोमवारी आमच्या सरावात. शिवाजी पेठेचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला, मोकळा उभा असला तरी मंगळवार पेठेचा बॅक, म्हणजे बचावातला, त्याला पास देणार नाही, बॉल बाहेर घालवील. सर दोन दिवस नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी नियम काढला: आपल्या पेठेतल्या पोराला पास द्यायचा नाही. दिला की बॉल समोरच्या टीमचा. पहिला आठवडा नुसता गोंधळ आणि शिव्या. दुसऱ्या आठवड्यात पोरं बॉल यायच्या आधीच मान वळवून बघायला लागली, कारण कोण कुठं आहे हे माहीत असल्याशिवाय पास देताच येईना. सरांना हेच हवं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. पेठांचं भांडण मिटलं वगैरे काही नाही, ते अजून चालू आहे!

सरांकडे एक दोनशे पानी वही असायची. प्रत्येकाला एक पान. त्यात गोल लिहिलेले नसायचे. नुसत्या उभ्या काड्या. दुसऱ्यासाठी जागा करून दिली, एक काडी. बॉल गेल्यावर मागं पळत आला, एक काडी. ओरडून सावध केलं, एक काडी. त्यांचा हिशोब साधा होता. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. तेवढं सगळं गाव बघतं, उरलेलं मी बघतो, म्हणायचे. चार जणांना चकवून गोल मारून आलेल्या पोरालाही पहिला प्रश्न तोच: "बॉल पायात नव्हता तेव्हा काय करालतास?"

याचा अतिरेकही व्हायचा. आमच्या वर्गातला एक लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, असा होता की बॉल त्याच्या बुटाला चिकटल्यासारखा राहायचा. काड्या कमी म्हणून सरांनी त्याला अख्खा हंगाम बाहेर बसवला. पुढं त्यानं खेळ सोडला. त्या बाबतीत सर चुकले, असं मला आजही वाटतं. अशी पोरं वहीत मावत नाहीत.

त्याच 1992 साली बॅकपासचा नियम बदलला. 1990 च्या विश्वचषकात 52 सामन्यांत अवघे 115 गोल झाले होते. बॅकनं गोलीकडे बॉल द्यायचा, त्यानं तो हातात घेऊन वेळ काढायचा, असा सगळा प्रकार. बार्सिलोना ऑलिंपिकपासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलीनं हातात घेणं बंद झालं. सरांनी पेपरातलं कात्रण खिशात घालून आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला सरावात हाफ खेळायला लावलं. महिनाभर हातमोजे त्यांच्याच पिशवीत.

तरीही व्हायचं ते झालंच. शाळांच्या स्पर्धेत शाहू स्टेडियमवर, उत्तरार्धात, आमच्या स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, बॉल मागं दिला. अंगावर दोन फॉरवर्ड येताना दिसले आणि सवयीनं मी तो उचलला. शिट्टी. सहा यार्डांच्या रेषेवरून इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी बॉल लागावा लागतो. आम्ही अकराच्या अकरा गोललाइनवर उभे, तरी बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत. एक-शून्य.

सामना संपल्यावर मी बुटाची नाडी सोडत खाली मान घालून बसलेलो. सर माझ्याकडे आलेच नाहीत. दोन्ही बॅक आणि सेंटर हाफला उभं केलं. "यानं बॉल उचलायच्या आधी तीन सेकंद होती. तिघांपैकी एक जण तरी बाजूला पळाला काय? त्यानं पायानं द्यायचा कुणाला, मला?" मग वही उघडून तिघांच्या पानावर फुल्या मारल्या. माझ्या पानावर काहीच नाही. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हरलो. तेवढीच आमची मजल.

2017 च्या ऑक्टोबरात भारत पहिल्यांदा फिफाच्या विश्वचषकात उतरला, सतरा वर्षांखालच्या. टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अमेरिकेविरुद्धचा पहिला सामना बघायला आम्ही सात-आठ जण सरांच्या घरी जमलो. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अनिकेतच्या पायात बॉल आला की आम्ही सोफ्यावरून उठायचो, सर मात्र पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात बोट दाखवायचे, "तो बॅक बघ कुठं उभारलाय." तीन गोलांनी हरलो. पोरं गप्प झाली. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, टीपॉयवर ठेवायला जागा नव्हती. "अहो, ती वही उचला आधी," म्हणाल्या.