धुमेच्या मागे चालताना

दिंडीत मृदंगवाल्याची जागा ठरलेली असते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मग वीणेकरी आणि वीणेच्या मागे डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया. माउलींच्या सोहळ्यात मी आजवर त्या मधल्या जागेवरूनच पंढरपूर गाठलं. यंदा चैत्रात मोटारसायकल घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्रस्थानाच्या आधी प्लास्टर निघालं, पण इतक्यात थाप मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी घरीच राहणार होतो. दुसऱ्याच्या गळ्यात मृदंग बघत चालायचं माझ्या जिवावर आलं होतं. आमच्या वीणेकरी बाबांचा फोन आला. "हात चालत नाही, पाय चालतात ना? मग निघ." त्यांच्यापुढे काही बोलता आलं नाही.

माझ्या जागी आळंदीत शिकणारा एक पोरगा आला. हात गोड, तयारीचा. मी त्याच्याजवळ चालेना, चक्क मागे बायांमध्ये गेलो.

पुण्याहून सासवडचा टप्पा लांबलचक, आणि पाय थकल्यावर दिवे घाट समोर येतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, माणसांना कोण जुंपणार? त्या चढावर माझ्या ध्यानात आलं की मागे मृदंग अर्धाच पोचतो. उजव्या बाजूच्या काळ्या शाईवरची बारीक बोटं, ज्यांच्यासाठी मी पहाटे-पहाटे उठून रियाज केला, ती टाळांच्या गजरात दोन-चार रांगांतच विरून जातात. मागे येते ती फक्त धूम, मृदंगाच्या डाव्या बाजूचा खोल आवाज. डाव्या हाताची. माझ्या नेमक्या त्याच हाताची.

शेजारी तुळस घेतलेल्या एक आजी चालत होत्या. त्या म्हणाल्या, "धूम चांगली बोलली ना माउली, की पाय आपसूक उचलतो. उन्हं चढली की ती बसते बघा. मग चढ लई जड जातो."

किती तरी वाऱ्या करून त्यांनी हे पायांनी ओळखलं होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मधल्या जागेवरून ते ऐकू येण्यासारखंही नव्हतं.

धूम बसते ती कणकेमुळे. डाव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या कातड्यावर, ओली कणीक थापतात, तिच्या वजनानं आवाज खाली उतरतो आणि घुमतो. उन्हात कणीक वाळते, कडेनं तडकते, खपली धरून गळून पडते. पावसात पुडीच ढिली होते. वाजवणारा गळ्यात मृदंग अडकवून चालतच असतो, त्याला थांबायला सवड कुठली? जेजुरीपासून ते काम मी घेतलं. उजव्या हातानं कणीक मळायची, सैलसर, बोटाला चिकटेल न चिकटेल अशी. विसाव्याला दिंडी टेकली की जुनी खरवडून नवी लावायची, अंगठ्यानं मधून कडेकडे पसरत न्यायची. पोरगा थाप द्यायचा, मी कान लावायचो. अजून थोडी. आता बरोबर. मग मी मागे जाऊन आजींना विचारायचो, "येते का?" त्या मान हलवायच्या, की आमची दिंडी पुढं.

तरडगावच्या मुक्कामी कीर्तनाला तुकोबांचा अभंग होता, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. या अभंगाला मी पुष्कळदा साथ केली आहे, पण तेव्हा लक्ष समेवर असायचं. त्या रात्री हात रिकामे होते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, आणि तो माणूस देवाला 'बरें जालें' म्हणतो. माझं मनगट त्यापुढे काहीच नाही. तरी माझ्या तोंडून 'बरं झालं' निघालं नाही. अजूनही निघत नाही. हात मोडायला नको होता, असंच मला वाटतं.

सदाशिवनगरच्या गोल रिंगणात तर फार जड गेलं. अश्व धावून गेल्यावर सगळ्या दिंड्यांचे टाळकरी आणि मृदंगवाले उडीच्या भजनाला पालखीभोवती जमतात. शेकडो मृदंग एकदम बोलायला लागले. माझी बोटं मांडीवर हलत होती आणि डोळे वाहत होते. बाबांनी काही न बोलता स्वतःच्या गळ्यातली वीणा माझ्या गळ्यात घातली. वीणा खाली ठेवत नाहीत, ती गळ्यातून गळ्यात जाते, एवढं मला माहीत होतं. ती अंगावर आल्यावर काय वाटतं, ते तिथे कळलं. उजव्या हातानं तार छेडत मी उडी संपेपर्यंत उभा राहिलो.

आता मनगटाचा व्यायाम चालू आहे. डॉक्टरांनी हलक्या थापेला परवानगी दिल्यापासून रियाजाला आधी नुसता डावा हात घेतो, धिम्या लयीत, घाट चढताना पडतात त्या पावलांच्या गतीनं. बाबांशी बोलणं झालं आहे. पुढच्या वर्षी दिवे घाटात मृदंग रांगांच्या मधून काढून वीणेला लागून घ्यायचा, आणि कणकेचा डबा सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता दिंडीसोबत ठेवायचा. तो पोरगाही येणार आहे. आम्ही चढ वाटून घेऊ.