भात्यापासून गल्ल्यापर्यंत: आमची वाटचाल

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं छोटं दुकान आहे. तांब्या-पितळेची भांडी विकतो, जुन्यांना कल्हई करतो, नावं घालून देतो. धंदा वडिलांनी, म्हणजे नानांनी, उभा केला. आता मी बघते.

शाळा सुटली की दप्तर गल्ल्याखाली आणि मी भात्यावर. भाता जोरात फिरवला तर भांडं जास्त तापून कल्हई पिवळी पडते, हात ढिला पडला तर कथील धरत नाही. कथील २३२ अंशांना वितळतं हे पुस्तकात फार नंतर वाचलं.

कथील आणायला नाना मला एकटीला पाठवत. कांडी कानाशी धरून वाकवायची. शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं, शिसं बरंच मिसळलेलं असलं तर गप्प राहतं. शिसं पोटात जाणं म्हणजे विषच, म्हणून ही परीक्षा आमच्या घरी पाढ्यांच्या आधी. "अगं, विश्वास नाही का?" असं व्यापारी हसून विचारायचा. मी वाकवल्याशिवाय पैसे काढत नसे. पुढे बँकेत कर्ज मागताना किंवा ठोकवाल्यांशी भाव करताना माझा आवाज कधी कापला नाही, तो त्यामुळेच.

लग्नसराईत नावं घालायचं काम माझं. छिन्नीने ठिपक्याला ठिपका लावत 'सप्रेम भेट' उमटवायचं. ठोकलेलं अक्षर खोडता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडून आधी कागदावर लिहून घ्यायची सवय लागली. (कोणाच्या मामाने काय दिलं, हे मला अजून पाठ आहे.) नाना मागे उभे राहून बघत नसत. तक्रार आली तर मीच ऐकायची, आणि मजुरीही माझीच.

मधली वर्षं स्टील आणि नॉनस्टिकने खाल्ली. त्यात २००८ आणि २०१६ चे गोदावरीचे पूर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून इथे पुराची पातळी मोजतात; त्याच्या छातीला पाणी लागलं की इथे कोणी कोणाला सांगायला थांबत नाही. काय आधी उचलायचं ते नानांनी ठरवून ठेवलेलं: गिऱ्हाइकांची भांडी, मग वह्या, मग कल्हईला लागणारा नवसागर, तो पाण्यात विरघळतो. आपल्या पराती शेवटी. पितळ काही विरघळत नाही.

"मुलांना लहानपणीच कामाला जुंपा," असं लोक सांगतात तेव्हा मी मान हलवत नाही. नवसागराचा धूर मी छातीत घेतलाय. कायदाही १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावू देतो, पण धोक्याच्या कामात नाही. माझी मुलगी भट्टीपाशी जात नाही. मला धुराने काही शिकवलं नाही. आख्खं काम अंगावर पडलं, त्याने शिकवलं. दुकानात येणाऱ्या नव्या पोरालाही मी नुसतं घासायला बसवत नाही. भांडं घेण्यापासून पैसे मोजून घेण्यापर्यंत एक गिऱ्हाईक पूर्ण त्याचं.

आता २०२७ च्या सिंहस्थ स्नानांसाठी तांब्याच्या गडूंची चौकशी सुरू झाली आहे. आकार, झाकण फिरकीचं की झाळलेलं (डाख देऊन बंद केलेलं), भाव, सगळं मुलगी ठरवते आहे. तिने लावलेला भाव मला कमी वाटतो. अजून तरी मी काही बोललेले नाही.