असेंबल्ड : आमची वाटचाल

१९९८च्या दिवाळीत लातूरला गंजगोलाईजवळ कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. पाटीवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ लिहिलं होतं. सेल नव्हताच, सर्व्हिसही शिकतच होतो. महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने सिकंदराबाद गाठायचं, चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये घासाघीस करून मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क घ्यायची, आणि परतताना बोर्डाचे खोके मांडीवर. डिकीत टाकायचा धीर होत नसे.

गिऱ्हाईक आल्या आल्या विचारायचं, “डुप्लिकेट तर न्हाई ना दादा?” असेंबल्ड म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला, डुप्लिकेट नव्हे, हे सांगण्यात दोन वर्षं गेली. १९८१ साली आयबीएमने काढलेला पीसीच मुळात सुट्या भागांचा होता. प्रोसेसर इंटेलचा, मशीन चालवणारी डॉस ही सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि ती दुसऱ्या कुणालाही द्यायची मायक्रोसॉफ्टला मोकळीक. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं बायोसच, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम. कॉम्पॅकने ते आयबीएमच्या कोडला हात न लावता नव्याने लिहून घेतलं, पुढे फिनिक्सने तसंच बायोस मागेल त्याला विकायला काढलं, आणि क्लोनचा, म्हणजे आयबीएमसारख्याच चालणाऱ्या मशीनचा, पूर आला. पण हे आडतीवरच्या शेठला सांगून काय उपयोग? त्यांना आकडा कळायचा: ब्रँडेड पंचेचाळीस, आमचा तीस.

त्या पंधरा हजारांचं मला आता तेवढं कौतुक नाही. त्यातले काही गिऱ्हाइकाने नंतर फेडलेच. कॅबिनेटसोबत हलका एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, यायचा, वर आपलं लोडशेडिंग. २००३च्या आसपास तर बोर्डांवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगायला लागले; डोक्यावर टेंगूळ आल्यासारखे, कडेने तपकिरी चीक. ती खोट कित्येक कंपन्यांच्या बोर्डांत होती. ऐन तुरीच्या हंगामात एका आडतीची मशीन बसली. हिशोबपट्ट्या अडलेल्या, दारात शेतकरी उभे. डीलर म्हणाला, वॉरंटी संपली. मी रात्री बसून सहा कपॅसिटर बदलले, हजार मायक्रोफॅरडचे. सकाळी डॉट मॅट्रिक्स करकरायला लागला तेव्हा घरी गेलो. क्लोनचं हे दुखणंच आहे: भाग दहा जणांचे, मशीन बसली की पुढे येणारा एकही नाही. मग दुकानदारानेच यायचं.

ब्रँडेडनेही मला चांगला धडा दिला. एका पतसंस्थेच्या मशीनचा एसएमपीएस गेला. प्लग हुबेहूब नेहमीचाच, म्हणून मी माझ्याकडचा जोडला. भस्सकन धूर. कंपनीने प्लग तोच ठेवून आतल्या तारांच्या जागा बदलल्या होत्या! तो मदरबोर्ड मी खिशातून भरून दिला. घरी अजून सांगितलेलं नाही.

स्पर्धेचंही तसंच. बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, सॉकेट ७; तिच्यावर इंटेल, एएमडी, सायरिक्स, कुणाचाही प्रोसेसर बसायचा. गिऱ्हाइकाचं बजेट बघून मी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलून द्यायचो. १९९७ला पेंटियम टू आला तो वेगळ्याच स्लॉटमध्ये, आणि तिथे एएमडीला जागाच नव्हती. एएमडीने पुढे स्वतःचा स्लॉट काढला. दिसायला इंटेलसारखाच, पण एकाचा दुसऱ्यात चालायचा नाही. स्पर्धा चालूच राहिली, किमतीही उतरल्या, पण एकदा बोर्ड घेतला की गिऱ्हाईक त्या घरचं झालं.

आता दुकानात लॅपटॉपच जास्त. मागच्या आठवड्यात एक इंजिनिअरिंगची मुलगी रॅम वाढवायला आली. खोलून पाहिलं तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, दुसरा स्लॉट नाही. “काका, मग आता?” नवीन घे, एवढंच सांगता आलं. खोलायचे पैसे घेतले नाहीत.

त्याच दुपारी त्या आडतीवरून २००४ साली आम्हीच जोडून दिलेली पेटी आली. “चालूच होईना गेलंय बघा.” ब्लोअरने पोतंभर धूळ काढली, रॅम काढून तिचे पाय खोडरबराने पुसले, परत बसवली. एक बीप. दीडशे सांगितले. शेठ म्हणाले, “शंभर घ्या की, घरचंच हाय.”