बाईककडे कमी, डावीकडच्या यादीकडे जास्त बघा

माझं टायरचं दुकान आहे, कोल्हापुरात, उचगावच्या रस्त्याला. दिवसभरात ज्या बाईक येतात त्यांतल्या बऱ्याच बाईकच्या टाकीवर नाहीतर मडगार्डवर पिवळ्या रंगात ४६ लिहिलेलं असतं. एका पोराला विचारलं, ‘हे ४६ कुणाचं रे?’ तर म्हणाला, ‘काय की काका, रेडियमवाल्यानं लावून दिलं.’ तो नंबर मोटोजीपी, म्हणजे बाईक-रेसच्या जागतिक स्पर्धेतल्या व्हॅलेंटिनो रॉसीचा. रॉसी २०२१ च्या नोव्हेंबरात स्पेनमधल्या वॅलेन्सियाला शेवटची रेस धावून घरी गेला. त्याचा नंबर मात्र आमच्या जिल्ह्यात अजून मोकाट फिरतोय.

नंबर लावणारे पुष्कळ, रेस बघणारे मोजके. ते मोजके आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. एक इचलकरंजीचा यंत्रमागवाला, एक सांगलीत बँकेत, एक चाकणला कारखान्यात, आणि एक नोकरीनिमित्त जर्मनीत जाऊन बसलेला. जर्मनीवाला तिथल्या साक्सेनरिंग ट्रॅकवर प्रत्यक्ष रेस बघून आलाय, त्यामुळं तो ग्रुपवर जरा जास्तच बोलतो. पण त्यानं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली: मैदानात बसलं की एकच वळण दिसतं, बाईक येतात, कान फाटतात, जातात. बाकीची रेस तोही समोरच्या मोठ्या पडद्यावरच बघत होता. म्हणजे तिकीट काढलेला आणि दुकानात मोबाईल टेकवून बसलेला, दोघंही टीव्हीच्या दिग्दर्शकाच्या ताब्यात.

वेळेचं म्हणाल तर मोटोजीपी आपल्यासाठी सोयीची आहे. युरोपातली रेस उन्हाळ्यात बहुतेक संध्याकाळी साडेपाचला सुरू होते आणि सव्वासहाच्या आसपास संपते. पाऊण तासाचा खेळ. जपानची सकाळी, मलेशियाची जेवणाच्या वेळेला. फक्त अमेरिकेतली ऑस्टिनची मध्यरात्रीनंतर, तिला झोप घालवावी लागते. अडचण एप्रिल-मेची. रविवारी आयपीएलचा दुपारचा सामना साडेतीनला सुरू होतो, आणि स्पेनमधल्या हेरेझला दिवे विझून बाईक सुटतात तेव्हाच इकडं दुसरा डाव सुरू झालेला असतो. घरातला मोठा टीव्ही त्या वेळी कुणाच्या हातात असतो हे सांगायला नको.

प्रसारणाचे हक्क आपल्याकडं सारखे घर बदलतात. २०२३ ला भारतातली रेस स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर बघितली, त्याच्या आदल्या मोसमात युरोस्पोर्ट होतं. दर मोसमाच्या सुरुवातीला ग्रुपवर पहिला मेसेज रायडरबद्दल नसतोच. ‘यंदा कुठं दिसणार?’ एका चॅनेलनं (नाव घेत नाही) तर शेवटून दुसऱ्या लॅपला जाहिरात लावली होती. परत आलो तेव्हा पोडियमवर शॅम्पेन उडत होती. इचलकरंजीवाल्यानं त्या दिवशी जे लिहिलं ते इथं छापता येत नाही.

पण माझी मूळ तक्रार जाहिरातींची नाही. नवीन बघणारे चित्र बघतात आणि रेस चुकवतात, हे माझं म्हणणं आहे. पडद्याच्या डाव्या बाजूला नावांची उभी यादी असते, तिच्यात कोण कुणाच्या किती मागं ते सेकंदांच्या हजाराव्या भागापर्यंत येतं. रेस तिथं चालू असते. चित्रात तुम्हाला पुढं एकटाच पळणारा दिसतो, छान दिसतो, आणि यादी सांगत असते की हा आता मरणार.

२१ ऑक्टोबर २०२३, ऑस्ट्रेलियातलं फिलिप आयलंड. रविवारी वादळी वारं येणार म्हणून मुख्य रेस शनिवारीच उरकली. आपल्याकडं सकाळ. हॉर्हे मार्टिननं मागचा टायर सॉफ्ट, म्हणजे मऊ रबरचा, घेतला होता. योहान झार्को आणि बान्याया मिडीयमवर, म्हणजे त्याहून कडक रबरवर. मार्टिन सुटला तो सुटलाच, तीन सेकंदांपेक्षा जास्त पुढं. चित्रात निळाशार समुद्र, एकटी बाईक, हेलिकॉप्टर वरून. सांगलीवाला म्हणाला, ‘संपली रेस, मी चहा टाकतो.’ मी म्हटलं, टाकू नको, यादी बघ. फरक आधी वाढायचा थांबला, मग लॅपमागं लॅप खाली यायला लागला. सॉफ्ट रबर सुरुवातीला पकड देतं ते फुकट देत नाही. त्याची किंमत शेवटी वसूल होते, आणि फिलिप आयलंडची लांबलचक डावी वळणं मागच्या टायरची एकच बाजू किसत राहतात. शेवटच्या लॅपला झार्को पुढं गेला. मग बान्याया, मग डी जानान्तोनियो, मग बाइंडर. पंचवीसेक लॅप पुढं असलेला गडी पाचवा आला. झार्कोचा मोठ्या वर्गातला, म्हणजे मोटोजीपीतला, तो पहिला विजय. सांगलीवाल्याचा चहा उतू गेला असं त्यानंच नंतर सांगितलं.

टायरवाला असल्यामुळं मला हे जरा जास्त दिसतं, कबूल. पण बुरीरामची रेस तर जणू माझ्या दुकानासाठीच धावली गेली.

२ मार्च २०२५. मोसमातली पहिली रेस, थायलंड, अंगाची लाही करणारी उष्णता. मार्क मार्केझची डुकाटी कंपनीच्या स्वतःच्या (फॅक्टरी) टीममधली पहिलीच रेस. पोलवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून, सुटला, पुढं गेला, सगळं आलबेल. आणि सातव्या लॅपला एकदम हळू झाला. धाकटा भाऊ ॲलेक्स मागून आला, त्याला जाऊ दिलं. ग्रुपवर धडाधड मेसेज. ‘इंजिन गेलं.’ ‘गिअर अडकला.’ ‘भावाला गिफ्ट देतोय रे.’ मी एकच शब्द टाकला: हवा.

नियम असा आहे. पुढच्या टायरमध्ये किमान १.८० बार दाब पाहिजे. आपल्या गेजवर २६ पीएसआय, म्हणजे तुमच्या-माझ्या बाईकच्या पुढच्या चाकात असतो तेवढाच साधारण. मुख्य रेसमध्ये निदान ६० टक्के लॅप तरी तेवढा दाब असला पाहिजे, नाहीतर रेस संपल्यावर तुमच्या वेळेत १६ सेकंद वाढवतात. मोटोजीपीत १६ सेकंद म्हणजे पहिल्याचा थेट मधल्या गर्दीत. आता गंमत अशी, की हा दाब चालताना बदलतो. पुढं एकटा पळणाऱ्याच्या टायरला मोकळं वारं लागतं, टायर थंड राहतो, दाब उतरतो. कुणाच्या पाठी लागलं की पुढच्याच्या इंजिनाची गरम हवा तोंडावर, वारं अडलेलं, टायर तापतो, दाब चढतो. टीमला आधीच अंदाज बांधावा लागतो, आपला गडी पुढं असणार की घोळक्यात, आणि त्या हिशेबानं हवा भरायची. मार्केझच्या टीमनं तो घोळक्यात असेल असं धरून हवा कमी भरली असणार, आणि हा निघाला सगळ्यांच्या पुढं.

माझ्याकडं भर उन्हात गारगोटीहून गाडी मारत आलेलं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, हवा बघा. मी म्हणतो, सावलीत लाव, चहा पी, मग बघू. तापलेल्या टायरचा आकडा खोटा असतो. मार्केझला चहा प्यायला वेळ नव्हता, त्यानं भावाची पाठ धरली. रेस २६ लॅपची. ६० टक्के म्हणजे सोळा. सातव्याला मागं गेला, आणि तीन लॅप उरले असताना पुन्हा पुढं येऊन जिंकला. करा हिशेब. ॲलेक्स दुसरा, बान्याया तिसरा.

पडद्यावर वेग येतो, गिअर येतो, बाईक किती अंश वाकली ते येतं. पण त्या दिवशी मधले सोळा लॅप नुसतं चित्र बघणाऱ्याला ही रेस कंटाळवाणी वाटली असणार: दोन भाऊ एकामागं एक, ओव्हरटेक नाही, काही नाही. माझ्या दृष्टीनं गेल्या काही वर्षांतली ती सगळ्यात थरारक पाठलागाची रेस, जिच्यात पाठलाग करणाऱ्याला पुढं जायचंच नव्हतं.

कॅमेऱ्यांना नावं ठेवतोय असं वाटेल, तर तसं नाही. बाईकवर बसवलेला जो जायरोवाला कॅमेरा असतो, ज्यात क्षितिज सरळ राहतं आणि बाईक त्याच्याखाली आडवी होते, त्याला तोड नाही. साठ अंशांपलीकडं वाकलेला माणूस कोपर जमिनीला घासत चाललाय हे त्यातच कळतं. बाईकबरोबर वाकणारा जुना कॅमेरा लावला की रायडर सरळ बसलेला दिसतो आणि आख्खं जग तिरकं. तो लागला की मला गरगरतं. उतार मात्र कुठल्याच कॅमेऱ्याला पकडता येत नाही. साक्सेनरिंगला अकराव्या वळणानंतर ट्रॅक खाली कोसळतो, असं जर्मनीवाला हातवारे करून व्हिडिओ कॉलवर सांगतो. टीव्हीवर तिथं सपाट रंकाळा रस्ता दिसतो.

आणि कॅमेरा भांडण मिटवतो हाही भ्रमच. २५ ऑक्टोबर २०१५, मलेशियातलं सेपांग. रॉसी आणि मार्केझ एकमेकांना लॅपभर ओरबाडत होते, सातव्या लॅपला रॉसी त्याला बाहेर बाहेर नेत हळू झाला, मार्केझ आपटला. रॉसीला तीन पेनल्टी पॉइंट मिळाले, त्यामुळं वॅलेन्सियाला सगळ्यांत मागून सुटावं लागलं, तिथं चौथा आला, आणि पाच गुणांनी मोसमाचं विजेतेपद लोरेन्झो या दुसऱ्या रायडरकडं गेलं. इथवर सगळ्यांचं एकमत. पण पायानं ढकललं की पाय नुसता निसटला? हेलिकॉप्टरचं चित्र दाखवून एक पार्टी लाथ सिद्ध करते, बाईकवरचं चित्र दाखवून दुसरी पार्टी मार्केझचं डोकं. इचलकरंजीवाला आणि चाकणवाला यावर दर ऑक्टोबरला भांडतात. दोघांनी दोन्ही क्लिप मोबाईलमध्ये जपून ठेवल्यात.

चित्रात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ऊन. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली आणि आतापर्यंतची एकमेव मोटोजीपी झाली. उष्म्यामुळं रेस २४ लॅपवरून २१ वर आणली. टीव्हीवर काय दिसलं? स्वच्छ ट्रॅक, बेझेक्की आरामात पुढं. बान्याया दुसऱ्या नंबरवरून घसरला. मार्टिनचा लेदर सूट चालत्या रेसमध्ये उघडला, तो एका हातानं चेन ओढतोय हे बघून ग्रुपवर हशा झाला. शेवटच्या लॅपला त्यानं क्वार्तारारोकडून दुसरी जागा परत घेतली आणि नंतर कोसळला, डॉक्टरांना धावावं लागलं. मग हशा थांबला. २०२४ ला ती रेस परत आलीच नाही.

लोक म्हणतात, आपलं कोण आहे त्यात की बघायचं? मी त्यांना २०१६ ची असेनची मोटोथ्री, म्हणजे लहान बाईकच्या वर्गाची, रेस सांगतो. महिंद्राच्या बाईकनं तिथं पहिली ग्रां प्री जिंकली. वर बसलेलं पोरगं होतं फ्रान्चेस्को बान्याया, पुढं २०२२ आणि २०२३ चा जगज्जेता. त्याच टीममध्ये दुसऱ्या महिंद्रावर हॉर्हे मार्टिन, २०२४ चा जगज्जेता. महिंद्रानं २०१७ नंतर हा खेळ सोडला. नशीब बघा, मुंबईच्या कंपनीच्या बाईकवर दोन भावी विजेते एकाच वेळी बसले होते आणि त्यांचं पोस्टर आपल्याकडं एका गॅरेजात लागलेलं मी पाहिलेलं नाही. पोस्टर ४६ चंच. चाकणवाला मात्र हल्ली केटीएमवर हक्क सांगतो, २०२५ मध्ये बजाजनं केटीएमचा ताबा घेतल्यापासून केटीएमचा रायडर अकोस्टा त्याला गाववाला वाटायला लागलाय.

आता नवीन काळजी. लिबर्टी मीडियानं २०२५ च्या जुलैत मोटोजीपी चालवणाऱ्या डोर्ना कंपनीची ८४ टक्के मालकी घेतली. फॉर्म्युला वन त्यांचंच. तिथं गाडी वळणात असताना कॅमेरा मध्येच कुण्या नटावर जातो, ते इथंही वाढणार असं सांगलीवाल्याला वाटतं. तसं मोटोजीपीतही चेहरे दाखवतातच. मार्केझ बंधूंचे वडील पिटमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजात, उभे असतात, त्यांच्यावर कॅमेरा सारखा जातो आणि तेवढ्यात मागं सहाव्या नंबरची अख्खी मारामारी होऊन जाते. मी चडफडतो. आमची आई मात्र नेमकी तेवढ्यासाठी येऊन बसते. तिला यादी, टायर, दाब काही नको. ‘त्या बापाला दाखव की रे,’ म्हणते, ‘दोन्ही पोरं एकाच रस्त्यावर, जीव कसा टांगलाय बघ त्याचा.’ आणि बाप दिसला की ती आपल्या लेकरांबद्दल दोन वाक्यं बोलून स्वयंपाकघरात जाते.

म्हणून मी ग्रुपवर तोडगा मांडला: बापाला कोपऱ्यात लहान चौकटीत ठेवा, सहाव्या नंबरची मारामारी मोठ्या पडद्यावर, आणि यादीत प्रत्येक नावापुढं पुढच्या टायरची हवा. तिघांनी अंगठा दिला. इचलकरंजीवाल्यानं लिहिलं, ‘भावा, हवा दाखवली तर तुझ्या दुकानाची जाहिरात होईल एवढंच.’