आमची वाटचाल : कॉम्प्रेसर विकण्यापासून हवा पुरवण्यापर्यंत

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये स्क्रू कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून देणारी यंत्रं, तयार होत आणि विकले जात. वॉरंटी संपली की ग्राहकाशी नातं ब्रेकडाउनच्या फोनपुरतं उरे. त्याला हवी असते ती ७ बार दाबाची कोरडी हवा, तीही अखंड. म्हणून आता यंत्र आमच्याच मालकीचं राहतं, हवा मीटरवर मोजून बिल होतं आणि दर १०० सीएफएमला (मिनिटाला घनफूट हवा) किती किलोवॉट लागतील याची हमी आम्ही देतो.

सुरुवात मोजणीपासून. सुट्टी धरून सात दिवस प्रवाह, दाब आणि वीज लॉगरवर (नोंद ठेवणाऱ्या उपकरणावर) घ्यायची. सुट्टीच्या दिवशी लाइन भरलेली ठेवून लोडचा (यंत्र हवा भरतं तो) वेळ भागिले लोड-अनलोडचा (भरणं आणि रिकामं फिरणं) एकूण वेळ केलं की गळती कळते. दुर्लक्षित लाइनवर ती २०-३० टक्के सहज निघते. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे ४ किलोवॉट खातं. आधी गळती बुजवायची, मग यंत्राचा आकार ठरवायचा. उलट केलं तर यंत्र मोठं बसतं, अनलोडवरही पूर्ण भाराच्या पाव ते तृतीयांश वीज ओढतं आणि हमीमुळे भुर्दंड आपल्याला पडतो.

सगळ्यात अवघड गेली ती माल आणि माणसांची फेरमांडणी. स्टोअर एकच असलं की सेपरेटर, इनटेक व्हॉल्व्हचा किट, तापमान सेन्सर असे सुटे भाग नव्या ऑर्डरच्या असेंब्लीत जातात आणि करारातलं यंत्र बंद पडून राहतं. म्हणून सर्व्हिसचं स्टोअर वेगळं केलं. सर्व्हिस प्रमुखाच्या सहीशिवाय तिथला नटही हलत नाही. विक्रीचा इन्सेन्टिव्ह ऑर्डरवर एकरकमी न देता वसूल झालेल्या मासिक बिलावर ठेवला, तेव्हा फुगवलेले आकडे थांबले.

पैशाचं गणितही बदलतं. यंत्राचा खर्च पहिल्या दिवशी, वसुली काही वर्षांत. त्याला कॅश क्रेडिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) पुरत नाही, मुदत कर्जच लागतं. करारात किमान मासिक बिलाची अट हवीच.

आणि आपल्याकडचा पावसाळा! ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला ५०० सीएफएमच्या हवेतून तासाला वीसेक लिटर पाणी निघतं. हे पाणी आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन तुंबला की ते थेट ग्राहकाच्या यंत्रांतल्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरांत उतरतं. जून ते सप्टेंबर आमचा माणूस दर आठवड्याला ड्रेन हाताने उघडून बघतो.